व्हिनियर म्हणजे फसवणूक? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (वय तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय),

डेन्मार्कच्या वाढवता येणाऱ्या जुन्या डायनिंग टेबलांवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. आक्षेप तीन: वर सागाचं नुसतं व्हिनियर (लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा) असताना मी त्याला ‘सागवानी’ म्हणून डोक्यावर घेतलं, तुमच्या वाड्यातलं भरीव सागाचं टेबल केव्हाही उजवं, आणि हे सगळे श्रीमंतांचे चोचले.

व्हिनियरचं आधी बोलू, खरी गोम तिथेच आहे. या टेबलाचा वरचा तक्ता सांगाड्याला आवळलेला नसतो. मधल्या रुंद पट्टीवर तो नुसता टेकतो, आणि पोटाच्या खुंट्या पट्टीच्या भोकांत बसल्यामुळे जागेवर राहतो. त्याच्याखाली दोन टोकांना दोन पानं दडलेली, प्रत्येक पान दोन उतरत्या लाकडी दांड्यांवर. पान ओढलं की उतारामुळे ते बाहेर येता येता वर चढतं, तक्ता किंचित उचलला जातो, आणि पान पुरतं बाहेर आलं की तक्ता खाली बसून सगळं एका पातळीत येतं. युक्ती युरोपात सोळाव्या शतकापासून आहे. डॅनिश कारागिरांनी ती इतकी घोटली की १४० सेंमीचं टेबल मिनिटभरात २४० चं होतं, सहांच्या जागी दहा माणसं बसतात.

आता अडचण बघा. तक्ता आणि पान यांच्यात फट अगदी जेमतेम. ९० सेंमी रुंदीचा तक्ता भरीव फळ्या जोडून केला, तर तिकडच्या हिवाळ्यात, घर तापवल्यामुळे हवा कोरडी झाली की तो आकसणार आणि उन्हाळ्यात फुगणार. रुंदीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होणं परवडेल एक वेळ, पण फळीला बाक आला की पान अडकलंच, नाहीतर ओरखडे. तुमच्या वाड्यातल्या टेबलाला हा त्रास नाही, कारण त्याला काही सरकवायचंच नाही! म्हणून आत स्थिर बोर्ड, त्याला दोन्ही अंगांनी व्हिनियर (एकाच अंगाला लावलं तर तेही वाकतं), आणि कडेला भरीव लाकडाची पट्टी. पाय तर भरीवच. यात लपवाछपवी कसली?

साग बहुतेक सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तिथल्या सागाच्या व्यापारावर मोठा झालेला डॅनिश व्यापारी एच. एन. आंदरसन यानेच १८९७ मध्ये कोपनहेगनात ईस्ट एशियाटिक ही व्यापारी कंपनी काढली. ओंडक्यातून व्हिनियर काढलं की तेवढ्याच सागात कितीतरी जास्त टेबलं होतात, हेही हिशेबात धरा.

चोचल्यांबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मान्य. कोपनहेगनच्या सुतारसंघाची १९२७ ते १९६६ दरवर्षी प्रदर्शनं भरायची, तिथल्या वस्तू पैसेवाल्यांच्याच. पण १९४२ मध्ये ग्राहक सहकारी संस्थांच्या एफडीबी या संघाने बोर्ये मोगेन्सन या डिझायनरला फर्निचर विभागावर नेमलं, ते साध्या घरांना परवडावं म्हणून. तिथे सागाऐवजी मुख्यतः देशातलंच बीच किंवा ओक. शहरातला फ्लॅट लहान, आणि मुलाच्या कन्फर्मेशनला (किशोरवयातला ख्रिस्ती विधी) नातेवाईक जेवायला घरीच. एरवी गुपचूप भिंतीशी उभं राहणारं टेबल ही तिथली गरज होती. आज लिलावात त्याच्या किमती चढल्या, त्याला तेव्हाचे सुतार काय करणार!

शेवटी तुम्ही लिहिलंय, डेन्मार्कातल्या ऑरहूस शहरातला भाचा असंच एक टेबल घेतोय आणि इकडे आणल्यावर तुमचा सुतार मशीनने घासून नवं करून देईल. कृपा करून मशीन लावू देऊ नका. व्हिनियर एक मिलिमीटरसुद्धा नसतं, कडेला तर दोन फेऱ्यांत आतला बोर्ड दिसेल. बारीक पॉलिश पेपर, हाताने, रेषांच्या दिशेने, आणि वर तेल. घेताना दोन्ही पानं पूर्ण ओढून सांध्यावरून बोट फिरवायला सांगा. पायरी लागली तर दांडे झिजलेत. ते दुरुस्त होतं. पानाचा रंग तक्त्यापेक्षा वेगळा दिसला तर बिचकू नका, वर्षानुवर्षं अंधारात राहिलंय ते. तक्ता आणि पानं अगदी एका रंगाची असतील, तर मात्र बहुधा कोणीतरी आधीच घासून झालंय. अशा वेळी कडेला व्हिनियर किती उरलंय ते नीट बघून मगच पैसे द्यायला सांगा.