मेल्गारेहोने घोड्यापायी आक्रे दिला नव्हता

बोलिव्हियाचा लष्करी राष्ट्राध्यक्ष मारियानो मेल्गारेहो याच्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. हा दारुडा हुकूमशहा इतका खुळा होता, की एका पांढऱ्या घोड्याच्या बदल्यात त्याने आक्रे हा प्रचंड प्रदेश ब्राझीलला देऊन टाकला. ब्रिटिश वकिलाला, म्हणजे राजदूताला, गाढवावर उलटं बसवून त्याने धिंड काढली, तेव्हा संतापलेल्या व्हिक्टोरिया राणीने बोलिव्हिया हा देशच नकाशावरून खोडला. आणि १८७० मध्ये पॅरिस वाचवायला त्याने आपलं सैन्य पायी रवाना केलं. लोक हसतात आणि पुढे पाठवतात. मला राग येतो तो एवढ्यासाठी, की या माणसाने खरोखर ज्यांचं वाटोळं केलं त्यांचा यात एका शब्दाने उल्लेख नसतो.

आधी घोडा. मेल्गारेहो सत्तेवर होता डिसेंबर १८६४ ते जानेवारी १८७१. आक्रे ब्राझीलकडे गेला तो १७ नोव्हेंबर १९०३ च्या पेत्रोपोलिस कराराने, म्हणजे तो मेल्यावर जवळजवळ बत्तीस वर्षांनी. किंमत होती २० लाख पौंड आणि मदेरा-मामोरे रेल्वे बांधून देण्याचं वचन. त्यामागे होता रबराचा चीक. तो गोळा करायला ब्राझीलचे मजूर त्या जंगलात शिरले, स्थायिक झाले आणि पुढे बंड करून उठले.

या अफवेचं मूळ बहुधा २७ मार्च १८६७ च्या अयाकुचो करारात आहे. तो मेल्गारेहोच्याच राजवटीत ब्राझीलशी झाला. पण त्यात सरहद्दीची रेषा बेनी नदीच्या मुखापासून जावारी नदीच्या उगमाकडे ओढली गेली आणि तिच्या दक्षिणेचा आक्रे बोलिव्हियाच्याच बाजूला राहिला! ज्या प्रदेशाबद्दल त्याच्यावर ठपका ठेवला जातो, तो त्याच्या करारात ब्राझीलने बोलिव्हियाचा म्हणून मान्य केला होता. म्हणून करार चांगला ठरत नाही. त्या रेषेपायी किमान एक लाख चौरस किलोमीटरवरचा हक्क बोलिव्हियाने सोडला. मोबदल्यात मिळाली ब्राझीलच्या नद्यांतून जहाजं नेण्याची मुभा. ब्राझील त्या वेळी पराग्वेशी लढत होता आणि शेजारी शांत ठेवणं त्याच्या सोयीचं होतं. घोडा मध्ये आणला की हा सगळा हिशेब दिसेनासा होतो.

व्हिक्टोरिया राणीची गोष्ट तर नकाशा उघडला की कोसळते. राणीने आरमाराला ला पाझवर तोफा डागायला सांगितलं, पण या देशाला समुद्रच नाही असं कळल्यावर तिने त्याच्यावर फुली मारली, असं त्यात सांगतात. अहो, तेव्हा बोलिव्हियाला समुद्रकिनारा होता! कोबिहा हे त्याचं बंदर होतं. किनारा गेला तो १८७९ मध्ये चिलीशी सुरू झालेल्या युद्धात. शिवाय ब्रिटिश प्रतिनिधीने बोलिव्हिया सोडला तो १८५३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बेल्सूच्या कारकिर्दीत. मेल्गारेहोच्या काळात गाढवावर बसवायला ला पाझमध्ये ब्रिटिश वकीलच नव्हता.

पॅरिसच्या मोहिमेबद्दल फार लिहायची गरज नाही. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध जुलै १८७० ते जानेवारी १८७१ चाललं. मेल्गारेहोच्या सत्तेचे ते शेवटचे सहा महिने. गावोगाव उठाव होत होते आणि त्याचं सैन्य पोतोसी शहरातलं बंड मोडण्यात गुंतलं होतं.

आता 'खुळा' या शब्दाकडे येतो. २७ मार्च १८६५ ला माजी राष्ट्राध्यक्ष बेल्सूने ला पाझ ताब्यात घेतलं होतं आणि लोक चौकात जल्लोष करत होते. मेल्गारेहो मोजकी माणसं घेऊन थेट राजवाड्यात शिरला आणि काही क्षणांत बेल्सू मेला. गोळी त्याने झाडली की त्याच्या शिपायाने, यावर मतभेद आहेत. मग तो सज्जात आला आणि बेल्सू मेल्याचं त्याने गर्दीला सांगितलं. जी गर्दी बेल्सूचा जयजयकार करत होती, तीच मेल्गारेहोचा करू लागली, असं सांगतात. हे काम थंड डोक्याच्या, निर्दय माणसाचं आहे.

आणि त्याचा खरा गुन्हा २० मार्च १८६६ च्या फर्मानात आहे. आयमारा आणि केचुआ या मूलनिवासी लोकांच्या गावांची सामाईक जमीन त्याने सरकारी ठरवली. पिढ्यान्‌पिढ्या जी कसली, तिचीच मालकी शेतकऱ्याने ६० दिवसांत विकत घ्यायची, २५ ते १०० पेसो भरून. नाही भरले तर लिलाव. डोंगरातल्या त्या घराचा विचार करा. बटाटा आणि मेंढरं एवढीच मिळकत, फर्मान स्पॅनिशमध्ये, आणि घरात स्पॅनिश वाचणारं कुणी नाही. साठ दिवस उलटले की बोली लावायला येणार कोण? शहरातले सावकार, अधिकारी, राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीतली माणसं. टिटिकाका सरोवराकाठच्या लोकांनी विरोध केला तेव्हा १८६९ आणि १८७० मध्ये सान पेद्रो दे तिकिना, अंकोराईमेस, ताराको इथे सैन्याने त्यांची कत्तल केली. ही नावं त्या मजकुरात का येत नाहीत? माझ्या मते, घोडा आणि गाढव सांगायला सोपं पडतं.

किनाऱ्याचंही तसंच. १० ऑगस्ट १८६६ च्या करारात त्याने चिलीशी २४ व्या अक्षांशावर सीमा मान्य केली आणि २३ ते २५ अक्षांशांमधल्या खनिजांचं उत्पन्न निम्मंनिम्मं वाटून घेण्याचं कबूल केलं. त्या वाटणीवरून भांडणं सुरू झाली आणि १८७४ मध्ये नवा करार करावा लागला.

१५ जानेवारी १८७१ ला ला पाझमध्ये त्याचा पाडाव झाला. हे काम एकट्या बंडखोर सेनापती मोरालेसचं नव्हतं. आयमारा नेता लुसियानो विल्काच्या हाकेला ओ देऊन हजारो आयमारांनी शहर वेढलं होतं. मेल्गारेहो पेरूला पळाला आणि २३ नोव्हेंबरला लिमामध्ये त्याच्या प्रेयसीच्या भावाने, होसे आउरेलिओ सांचेसने, त्याला गोळी घातली. त्याआधीच, ३१ जुलै १८७१ ला, जमिनी गावांना परत देण्याचा कायदा झाला होता. १८७४ मध्ये दुसरा कायदा आला आणि गावांची सामाईक मालकी पुन्हा मोडायला घेतली गेली.