रविवारच्या चिकनसोबत जंतूही पोसा

तुम्ही इंदूरला राहता ना, मग चिंताच मिटली. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं नाव वर, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, गाडी आली की काका बनियनवरच डबे घेऊन धावतात. अशा घरात जंतूबिंतू यायचे कुठून. तरी कोणाला हौस असलीच, की अँटिबायोटिकला भीक न घालणारे जंतू आपल्याही ओट्यावर असावेत, तर जमण्यासारखं आहे.

सुरुवातीची मेहनत तुम्हाला करायचीच नाहीये, ती बऱ्याच फार्मवर आधीच होते. ब्रॉयलरचं पिल्लू ३५-४० दिवसांत दोन किलोचं करायचं, एकेका शेडमध्ये हजारो पक्षी, मग कोणी आजारी पडायच्या आधीच पाण्यातून, फीडमधून थोडं थोडं औषध. थोडंच हं! भरपूर दिलं तर जंतू मरतील की हो. थोडं दिलं की लेचेपेचे मरतात, तगडे उरतात आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कळलं की खाद्यात अँटिबायोटिक घातलं की कोंबड्या भराभर वाढतात, तेव्हापासूनची ही आयडिया. मग त्याच अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांचं एनरोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक बंद केलं, कारण कॅम्पायलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू त्याला जुमानेनासा झाला, आणि युरोपियन युनियनने २००६ पासून नुसतं वजन वाढवायला अँटिबायोटिक द्यायचं नाही असं ठरवलं. घाबरट लोक.

आपलं कोलिस्टिनचं बघा. आयसीयूत बाकीची औषधं हरली की डॉक्टर शेवटी जी मोजकी काढतात त्यातलं हे एक, आणि आपल्याकडे ते कोंबड्यांना चारत होते. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ नावाचा जीन दाखवला, कोलिस्टिन पचवायची विद्या त्यात असते, आणि एक जंतू ती दुसऱ्याला, अगदी परजातीच्यालाही, सरळ देऊन टाकतो. आमच्याकडे गोडा मसाल्याचं प्रमाण सासूबाई सख्ख्या सुनेला सांगत नाहीत, जंतूंचं मन मात्र मोठं. शेवटी जुलै २०१९ मध्ये सरकारने प्राण्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं, केरळनंतर आपल्या मध्यप्रदेशनेही अशा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना आवरायचा आराखडा काढला. तुम्ही वाचलात? नकाच वाचू, आधी सिंककडे वळा.

चिकन आणलं रे आणलं की नळ फुल सोडून धुवायचं, आईसुद्धा असंच धुवायची ना, मग झालं. शिंतोडे पार काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत गेले पाहिजेत, कच्च्या चिकनमधल्या साल्मोनेला जंतूलाही जरा हिंडू फिरू दे. त्याच सुरीने, त्याच पाटावर कांदा-लिंबू चिरा. मसाला लावलेला डबा फ्रिजमध्ये वरच्या खणात, बरोबर श्रीखंडाच्या डोक्यावर, झाकण जरा सैल. आणि एक गोष्ट फार जपा, पूर्ण शिजवू नका! औषधाला न मरणारे हे पठ्ठे उष्णतेला साध्या जंतूंसारखेच मरतात, तुकड्याच्या मध्यापर्यंत ७४ डिग्री पोचलं की सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा तंदुरी हाडापाशी गुलाबी राहू द्या, कोणी विचारलं तर ज्युसी आहे म्हणायचं.

रात्री पोट बिघडलं की ओआरएस वगैरे पीत बसू नका. बहुतेक वेळा अशी पोटं अँटिबायोटिकशिवाय दोन-चार दिवसांत ताळ्यावर येतात, पण सोमवारी ऑफिस असतं, थांबणार कोण? कोपऱ्यावरच्या मेडिकलवर जाऊन ‘भिया, लूज मोशन की दो-तीन गोली दे दो’ म्हणा, चिठ्ठी कशाला लागते. पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, पण आपण ती डिझाइन समजायची. दोन घ्या, बरं वाटलं की बंद, उरलेल्या शेजारच्या वहिनींना सर्दीवर द्या. सर्दी व्हायरसची, गोळीचा त्यावर काडीचा उपयोग नाही, पण वहिनींच्या पोटातल्या जंतूंना तेवढीच प्रॅक्टिस.

आणि ‘आम्ही तर अंडंही खात नाही’ म्हणणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये. शेडमधलं लिटर, म्हणजे भुशात मिसळलेली विष्ठा, खत म्हणून शेतात जातं, त्यात जंतूही असू शकतात नि औषधाचा अंशही. तेव्हा कोथिंबिरीची जुडी आणा, धुवू नका, नुसती झटका, बारीक चिरून पोह्यांवर घाला, आणि वरून आपला जीरावन मसाला जरा जास्तच मारा, भिया.