लेडली किंगचं 'फिट असता तर' आता पुरे करा राव

काल रात्री ग्रुपवर पुन्हा तोच फुटबॉलचा वाद, इंग्लंडचा बेस्ट सेंटर बॅक (म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा) कोण. टेरी, फर्डिनंड, ॲडम्स, कॅम्पबेल सगळे येऊन गेले आणि मी लेडली किंग टाकलं, तर लगेच तिघांचं एकच, "हो रे, फिट असता तर..." च्यायला, फिट असता तर काय? जे खेळला ते बघितलंय का कधी?

मी टॉटनहॅमवाला (लंडनचा क्लब, लाडाने स्पर्स) आहे, म्हणजे हरण्याची सवय आहे, त्यामुळे भावना जरा समजून घ्या. किंग म्हणजे बो भागातलं पूर्व लंडनचं पोरगं, १९९९ ला लिव्हरपूलविरुद्ध अ‍ॅनफील्डवर डेब्यू आणि २०१२ ला रिटायर, मधे दुसऱ्या कुठल्याही क्लबचा शर्ट नाही. २००१ ला कॅप्टन सोल कॅम्पबेल फुकटात थेट आमच्या कट्टर शत्रूला, आर्सेनलला गेला (त्यावर मी बोलत नाही, बीपी वाढतं) आणि ती भली मोठी जागा ज्याच्या अंगावर पडली तो हा विशीतला मुलगा.

आता गुडघ्याचं. डाव्या गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ संपलेली, हाडावर हाड. शेवटची काही वर्षं हा माणूस टीमसोबत ट्रेनिंगच करत नव्हता, आठवडाभर पूल आणि जिम, मॅचच्या दिवशी बूट घालायचे, नव्वद मिनिटं खेळायचं, मग गुडघा सुजणार, तो उतरेपर्यंत पुढची मॅच आलीच. तीन वर्षांपूर्वी टर्फवर माझं लिगामेंट गेलं तेव्हा दोन महिने मी जिना आडवा, रेलिंगला धरून, एकेक पायरी उतरत होतो आणि बायको खाली उभी राहून हसत होती. त्यामुळे शनिवारी द्रोग्बासारख्या स्ट्रायकरला अडवून पुढच्या शनिवारी रूनीला अडवायचं, मधे बॉलला पायही न लावता, हे मला आजही पटत नाही. आणि २००९-१० ला असाच प्रीमियर लीगच्या (इंग्लंडची सगळ्यात वरची लीग) २० मॅचेस खेळला बरं का, त्या सिझनला स्पर्स चौथे आले, युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगला पोचले.

२००६ चा नोव्हेंबर, आमचं तेव्हाचं ग्राउंड व्हाइट हार्ट लेन, समोर कोच मुरिन्होची चॅम्पियन चेल्सी. त्यांचा विंगर रॉबेन एकटा सुटलाय, पुढे फक्त आमचा गोलकीपर रॉबिन्सन, आणि तेव्हाचा रॉबेन म्हणजे सुटला की सुटला. किंग मागे. पण तो मागून नुसता पळत नाही, रॉबेन शॉटसाठी बॉल कधी पुढे ढकलणार हे त्याला आधीच कळलेलं असतं, शर्ट धरत नाही, धक्का नाही, घसरत येतो आणि फक्त बॉल घेतो. पेनल्टी बॉक्समध्ये! एक इंच चुकला असता तर पेनल्टी आणि रेड कार्ड दोन्ही. ती मॅच २-१ जिंकलो, लीगमध्ये चेल्सीला हरवायला आम्हाला सोळा वर्षं लागली होती.

आर्सेनलचा फ्रेंच स्ट्रायकर ऑन्री, त्याने स्वतः म्हटलंय की न पकडता, न ओढता बॉल काढून घेणारा डिफेंडर म्हणजे हा. २००४ च्या युरोत फ्रान्सविरुद्ध टेरी जखमी म्हणून त्याच ऑन्रीसमोर किंगला उभं केलं, पोराने ऑन्रीला काही करू दिलं नाही, मग शेवटच्या मिनिटांत फ्रान्सच्या झिदानने दोन गोल मारून सगळ्यावर पाणी फिरवलं ते वेगळं.

२००८ ची लीग कप फायनल, त्या सिझनला लीगमध्ये जेमतेमच दिसलेला किंग वेम्ब्लीवर चेल्सीसमोर पूर्ण १२० मिनिटं खेळला आणि टीममधल्या रॉबी कीनसोबत कप उचलला. पुढचा कप आम्हाला डायरेक्ट २०२५ ला मिळाला, हसू नका.

हां, एक गोष्ट मात्र मला खटकते. २०१० चा वर्ल्ड कप. गुडघ्याची हालत जगाला माहीत असताना इंग्लंडचा कोच कॅपेलोने नेला, रस्टेनबर्गला अमेरिकेविरुद्ध हाफटाइमलाच जांघ धरून बाहेर, आणि मग शिव्या त्यालाच. निवड करणाऱ्याने का नाही खायच्या त्या?

शेवटी इंग्लंडसाठी २१ मॅचेस, क्लबसाठी तीनशेच्या वर. कमी आहेत, मान्य. पण रिकाम्या राहिलेल्या शनिवारांवर किती हळहळायचं, खेळलेले बघा की. आणि ट्रिव्हिया म्हणून सांगतो, २००० साली ब्रॅडफर्डविरुद्ध दहा सेकंदांत गोल मारला होता, प्रीमियर लीगचा सगळ्यात फास्ट गोल, २०१९ पर्यंत रेकॉर्ड कुठल्या स्ट्रायकरच्या नाही, याच्या नावावर होता.

ग्रुपमधला एक चेल्सीवाला अजून टेरी टेरी करतोय. लहानपणी सेनरॅब नावाच्या लोकल क्लबमध्ये टेरी आणि किंग एकाच टीममध्ये होते हे त्याला आत्ता पाठवलंय, ब्लू टिक आली आहे, रिप्लाय नाही.