तेवढा ओटीपी सांग गं

आमच्या घरातला कर्ता माणूस म्हणजे माझा मोबाइल नंबर. गॅस, वीजबिल, सोसायटीचं ॲप, लेकीच्या सीईटीचा फॉर्म, सासूबाईंचं पेन्शन, जिथे म्हणून नंबर लिहायची चौकट दिसली तिथे आमच्या मंडळींनी डोळे झाकून माझा ठोकून दिला. "तू फोन उचलतेस ना!" हे नवऱ्याचं स्पष्टीकरण. उचलण्याची एवढी शिक्षा?

ओटीपीच्या मेसेजात बजावलेलं असतं, हा कोणालाही सांगू नका. आमच्याकडे तो ओरडून सांगावा लागतो, कारण सासूबाईंना कमी ऐकू येतं.

माझं ऑफिस ऐरोलीला. ठाणे-वाशी गाडी २००४ साली सुरू झाली तेव्हा माझंही नुकतंच लग्न झालं होतं. दोघीही नव्या होतो. आता दोघींमध्येही तीळ ठेवायला जागा नाही. तर परवा गॅसवाला नेमका सकाळीच दारात उभा, आणि मी डब्यात कडीला लोंबकळत. फोन स्पीकरवर, त्यात सासूबाई. मेसेज आला होता, पण चष्मा पर्समध्ये, पर्स पोटाशी आणि पोट पुढच्या बाईच्या पाठीशी. वाचता यावं म्हणून मोबाइल लांब नेत नेत इतका लांब नेला, की पलीकडच्या बाईनेच तो वाचला.

"सत्तेचाळीस बासष्ट!" ती खणखणीत म्हणाली.

"सदुसष्ट?" तिकडून सासूबाई.

खिडकीपाशी मेथी निवडणाऱ्या मावशींनी जुडी मांडीवर ठेवली. "बासष्ट हो आजी, बासष्ट! सहावर दोन!"

सिलिंडर मिळाला. पण सासूबाई फोन ठेवतात होय! "तुम्ही कुठल्या? मेथी काय भावाने घेतलीत?" पुढे दिघा गाव येईपर्यंत त्या दोघी जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांवर बोलत होत्या. माझ्या फोनवरून. मी नुसती हात लांब करून उभी.

त्यात आता पाळी जायचे दिवस. एसी अठरावर असताना भर मीटिंगमध्ये एकाएकी कानशिलं पेटतात, चेहरा लालबुंद होतो, मी फाइलने वारा घेते. समोर साहेब तिमाहीचे आकडे विचारत असतात. त्यांना वाटतं, बाई संतापल्या. मागे असंच झालं आणि त्यांनी आपण होऊन कामाची मुदत दोन दिवसांनी पुढे ढकलली. हा गैरसमज दूर करण्याचा माझा काही विचार नाही.

नोव्हेंबर मात्र खास सासूबाईंचा. सासरे रेल्वेत होते, त्यामुळे फॅमिली पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की झालं, आता तो मोबाइलवरून घरबसल्या निघतो. म्हणजे त्या घरी बसतात आणि मीही ऑफिसला न जाता घरी बसते. चेहरा चौकटीत आणायचा आणि डोळे मिचकवायचे.

"डोळे मिचकवायचे? कोणाला?"

"सरकारला, आई."

"या वयात?" म्हणून त्यांनी पदर सारखा केला, टिकली नीट केली, केस चापून बसवले आणि मग कॅमेऱ्याकडे अशा काही रोखून पाहत राहिल्या की पापणी हलेना. ॲपला त्या हयात वाटेचनात. शेवटी लेकीने मागून "आजी, पाल!" म्हटल्यावर सरकारची खात्री पटली.

एवढं झाल्यावर मी जाहीर केलं, निदान गॅस तरी आजपासून नवऱ्याच्या नंबरवर. तो हो म्हणाला, चक्क स्वतः बसून त्याने बदलूनही घेतला. वर जेवताना दोनदा सांगितलं, "बघ, कितीसं काम होतं!"

पुढचा सिलिंडर आला तो बरोबर माझ्या मीटिंगच्या वेळी. फोन थरथरला. अनोळखी नंबर.

"ताई, गॅसवाला बोलतोय. साहेब फोन उचलत नाहीत. आजी म्हणाल्या, ताईंना लावा."

"अहो, पण कोड आता माझ्याकडे येत नाही हो!"

"बघा ना ताई, आला असेल."

पाहिलं तर खरंच आला होता. सकाळीच, नवऱ्याकडून. खाली एक ओळ: "असू दे तुझ्याकडे. मी मीटिंगमध्ये असेन."