मल्टिकास्टचं बटण दाबलं की काम झालं, असं सांगू नका

‘सर्व्हरवर मल्टिकास्ट चालू करा. स्क्रीन ४० असोत की ४००, नेटवर्कवर भार एकाचाच. बाकी काही करावं लागत नाही, वाय-फायवरही चालतं.’ हा सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतोय. (मल्टिकास्ट म्हणजे सर्व्हरने स्ट्रीमची एकच प्रत सोडायची आणि ती मागणाऱ्या सगळ्यांपर्यंत नेटवर्कने पोचवायची.) त्यातलं दुसरं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून बाकीचंही लोकांच्या गळी उतरतं.

खरं किती ते आधी मान्य करतो. ८ एमबीपीएसचा लाइव्ह स्ट्रीम ४० स्क्रीनना युनिकास्टने, म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवून, द्यायचा तर सर्व्हरमधून ३२० एमबीपीएस बाहेर पडतात, मल्टिकास्टने ८च. सर्व्हरच्या केबलपुरतं हे गणित पक्कं आहे.

पण ‘बाकी काही करावं लागत नाही’? सगळ्या केबल ज्यात येऊन मिळतात तो स्विच, कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे शिकतो ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून. मल्टिकास्ट ग्रुपचा, म्हणजे एक स्ट्रीम बघणाऱ्यांच्या गटाचा, पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही. त्यामुळे साधा स्विच तो स्ट्रीम सगळ्या पोर्टवर सोडतो. असे २० चॅनेल असतील तर प्रत्येक पोर्टवर १६० एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर बसलेल्या प्रिंटरने काहीही मागितलेलं नसतं, तरी त्याची वाट बंद होते. म्हणून स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग लागतं. आयजीएमपी म्हणजे ग्रुपमध्ये येण्या-जाण्याचे निरोप देण्याची पद्धत: कोण कोणत्या ग्रुपमध्ये आलं हे ऐकून स्विच तेवढ्याच पोर्टवर स्ट्रीम देतो.

बरं, स्नूपिंग चालू केलं की झालं? मीही तसंच समजलो होतो. एका सभागृहात स्क्रीन लावल्या, चित्र झकास आलं, सगळे खूश. चारेक मिनिटांनी सगळ्या स्क्रीन गोठल्या. प्लेअर बंद करून पुन्हा लावला की सुरू, मग पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद. केबल बदलून झाल्या, एन्कोडरला (चित्राचा स्ट्रीम बनवणाऱ्या यंत्राला) दोष देऊन झाला. शेवटी घड्याळ लावून मोजलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: २६० सेकंद. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘अजून कोणी बघतंय का?’ ही विचारणा मुळात दर १२५ सेकंदांनी व्हायची असते, आणि २६० सेकंदांत उत्तर आलं नाही तर स्विच नोंद पुसतो. आमच्या नेटवर्कमध्ये विचारणारा क्वेरियरच नव्हता. कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. (काही स्विच नोंद पुसल्यावर उलट सगळीकडे स्ट्रीम सोडतात, तिथे चित्र चालू राहतं आणि दोष महिनोन्‌महिने लपतो.) त्या व्हीलॅनमधल्या (नेटवर्कच्या त्या वेगळ्या केलेल्या भागातल्या) एका स्विचवर क्वेरियर चालू केला आणि प्रश्न मिटला.

वाय-फायचा दावा तर नुकसानच करतो. हवेतल्या मल्टिकास्ट फ्रेमला पोचपावती नसते, हरवली की गेली. शिवाय ती सहसा सर्वांना झेपेल अशा कमी वेगाने जाते. ५ गिगाहर्ट्झवर बऱ्याचदा ६ एमबीपीएसने. त्यात ८ एमबीपीएसचा स्ट्रीम मावणार कसा? तेवढा वेळ बाकीची उपकरणंही खोळंबतात. यावर अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी यंत्रं) मल्टिकास्टचं युनिकास्ट करून देतात. चित्र सुधारतं, पण दहा फोनना हवेतून दहा प्रती जातात. बचत उरते ती फक्त तारेवर.

आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी वेगळा व्हिडिओ बघत असेल तर मल्टिकास्टचा उपयोगच नाही. तिथे कॅशे हवा, म्हणजे व्हिडिओची प्रत जवळच साठवून ठेवणारी सोय.

तेव्हा चाचणी करताना चित्र आलं की लगेच उठू नका. निदान पाच मिनिटं स्क्रीनसमोर बसा, आणि ज्या पोर्टवर कोणी काहीच मागितलेलं नाही त्याचा काउंटर (त्या पोर्टवरून किती डेटा गेला याची मोजणी) उघडून बघा.