कुंभार्ली घाट, ९० हॉर्सपॉवर आणि डिझायर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

घाटरस्त्यांसाठी छोट्या सेडान (मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्या) या विषयावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही चिपळूणचे, कुंभार्लीतून पुण्याला सतत येणं-जाणं, घरात आई, तुम्ही दोघं आणि दोन मुलं. म्हणजे हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांतलेच तुम्ही. म्हणून चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. मारुतीच्या नव्या डिझायरची ताकद ८२ हॉर्सपॉवर, होंडाच्या नव्या अमेझची ९०. तरी घाटात डिझायर सोपी जाते असं मी म्हणतो, ते कागदावर टिकत नाही. शून्यावरून ताशी शंभरला जायला किती सेकंद लागतात, ते आकडे मी दिले नाहीत. डिझायरच्या इंजिनाने चार सिलिंडरवरून तीनवर येणं म्हणजे पाऊल मागे. आणि खाली लागणारी सेडान आता कोकणात घेतं कोण, सगळे एसयूव्ही घेतात.

ताकदीचं आधी घेऊ, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

पाच माणसं आणि डिकीभर सामान घेतलेली छोटी सेडान साधारण १३०० किलोची होते. १५ मीटर चालून १ मीटर चढणारा रस्ता धरा. त्या चढावर ही गाडी ताशी ४० किमीने एकसारखी चढवायला १५-१६ हॉर्सपॉवर पुरतात. हे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे, कुणीही करून पाहावं. मग ८२ काय आणि ९० काय, दोन्हीकडे ताकद पडून आहे. तरीही घाटाच्या पायथ्याचं पोफळी सोडल्यावर पहिल्या काही वळणांतच गाडीला दम लागतो. कारण ते ९० घोडे अमेझ ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) देते, डिझायर तिचे ८२ देते ५७०० ला. घरची माणसं घेऊन त्या आरपीएमला घाट कोणी चढत नाही. वळणातून बाहेर पडताना इंजिन २००० च्या आसपास असतं. त्या क्षणी तिथे किती ताकद हाताशी आहे, एवढाच प्रश्न असतो.

आता टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, बघा. डिझायर ११२ न्यूटन मीटर, अमेझ ११०. जवळजवळ सारखंच. पण डिझायर ते ४३०० आरपीएमला गाठते, अमेझ ४८०० ला. म्हणजे तुम्ही म्हणता तो ८ हॉर्सपॉवरचा फरक मुख्यतः ५००० च्या वर पडतो. खालच्या आरपीएमला डिझायर आधी उचल घेते आणि तिसऱ्या गिअरमध्ये जास्त वेळ राहू देते. अमेझचं इंजिन गोड आहे, फिरवलं की मोकळं धावतं, पण वळणावर तिला दुसरा टाकावा लागतो. दोन्ही गाड्या कुंभार्लीत आणि आंबा घाटात भरून चालवल्यावर माझं हे मत झालं आणि ते आजही तेच आहे.

यावर सगळ्यात बोलका पुरावा आपल्याकडच्या वडापवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी केव्हाच देऊन ठेवला आहे. जुनी डिझेल डिझायर आठवा. तिची ताकद फक्त ७५ हॉर्सपॉवर, त्याच काळच्या पेट्रोल डिझायरपेक्षा कमी. पण टॉर्क १९० न्यूटन मीटर, तोही २००० आरपीएमला. त्या आरपीएमला ते इंजिन सुमारे ५४ हॉर्सपॉवर देत होतं. आजचं कुठलंही १.२ लिटर साधं पेट्रोल इंजिन त्या जागी ३२ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून ७५ ची गाडी भरल्या पोटी घाट चढायची आणि ८०-९० ची गाडी गिअर मागायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं आणि घाटातल्या माणसाच्या हातून एक कामाची वस्तू गेली. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. आज तसा ओढा हवा असेल तर टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल इंजिनाकडे जावं लागतं, उदाहरणार्थ स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसचं १ लिटर इंजिन, १७८ न्यूटन मीटर आणि तेही २००० च्या आतच सुरू. पण त्या गाड्या ४ मीटरपेक्षा लांब, किंमत वेगळी, कर वेगळा. लेख त्यांच्याबद्दल नव्हता.

तुमचा मुद्दा जिथे लागू पडतो ती जागा मात्र मोठी आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा चौपदरी पट्टा मोकळा मिळाला, कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडून गाडी मोकळी सोडता आली, की अमेझ पुढे निघते. ८० वरून १०० ला जाताना डिझायर धापा टाकते, अमेझ टाकत नाही. तुमचं जाणं-येणं मुंबईचं असतं तर मी अमेझच सुचवली असती.

शून्य ते शंभरचे आकडे मी मुद्दाम दिले नाहीत. ती चाचणी सपाट, सरळ रस्त्यावर, गाडीत एक-दोन माणसं बसवून होते. आपल्याकडे एसटीच्या मागे अडकलेलो असतो, समोरून ट्रक उतरत असतो, आणि मधल्या तुकड्यात ३० वरून ६० ला जायचं असतं. त्यासाठी तिसऱ्या गिअरमध्ये २० ते ८० ला लागणारा वेळ बघावा. गाड्यांच्या मासिकांत तो आकडा असतो, पण कोपऱ्यात.

तीन सिलिंडरबद्दल फार नाही. उभ्या गाडीत थरथर जाणवते, हे खरं. चालू लागल्यावर जाणवत नाही. बदल्यात कंपनी मॅन्युअल डिझायरचं मायलेज लिटरला २४.७९ किमी सांगते आणि मॅन्युअल अमेझचं १८.६५. घाटात दोन्ही आकडे खाली येतात, तरी फरक खिशाला कळण्याइतका उरतो.

उतार आणि वळणं यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. चढताना गाडी कमी पडली तर फार तर मागचा हॉर्न वाजवेल. उतरताना कमी पडली तर पुढे दरी आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून कुंभार्ली उतरणारे आजही दिसतात. कृपया तुम्ही त्यांतले असू नका, आणि ओळखीत कोणी असेल तर त्याला थांबवा. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय उचलला की पेट्रोल जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट सगळं ओझं ब्रेकवर येतं. या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली की चाकांतून वास यायला लागतो आणि पेडल खोल जातं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट. हे नियमातही आहे.

वळणावर सेडानचं बुटकेपण कामाला येतं. डिझायरची उंची १५२५ मिमी, मारुतीच्याच ब्रेझा या एसयूव्हीची १६८५. उंच गाडी वळणात जास्त कलते, पुन्हा उलट बाजूला कलते, आणि मागे बसलेल्यांना गाडी लागते. तुमच्या आई मागे बसणार असतील तर हा मुद्दा ८ हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे. डिझायर आणि अमेझ या दोघींत मागच्या सीटवरून मला अमेझ थोडी जास्त शांत वाटली, तेही नोंदवतो.

आता खाली लागण्याचं. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) १६३ मिमी, अमेझचा १७२, जरा लांब असलेल्या होंडा सिटीचा १६५. कागदावर सिटी डिझायरपेक्षा २ मिमी उंच. पण मुख्य रस्त्यावरून वाडीत उतरताना जो उंचवटा लागतो, तिथे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही मोजावं लागतं. सिटीचं २६०० मिमी, डिझायरचं २४५०. म्हणून त्याच उंचवट्यावर सिटी आधी घासेल. तुमच्या घरापर्यंत नुसती जांभ्याची खडबडीत वाट असेल आणि पावसात तिला ओहोळ फुटत असतील, तर एसयूव्ही घ्या, मी अडवणार नाही. डांबर किंवा काँक्रीट दारापर्यंत असेल, तर केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून उंच गाडी घेऊन वळणात आईंना त्रास देऊ नका.

सेडानची डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते. आंब्याच्या पेट्या किंवा तांदळाचं पोतं अगदी टोकाला ठेवलं की मागची बाजू बसते, पुढची हलकी होते आणि स्टेअरिंग सैल लागतं. जड सामान सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, हलकं मागे. पावसाळ्यापूर्वी टायरची नक्षी तपासा. कायद्याने १.६ मिमी चालते, पण आपल्या पावसात त्यावर भरवसा ठेवू नये.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे तुम्ही शेवटी विचारलंत. अमेझ आवडत असेल तर सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक) घ्या. चढावर ती इंजिनाला आपणहून हव्या त्या आरपीएमला धरून ठेवते, त्यामुळे खालच्या ओढीची उणीव बरीच भरून निघते. आवाज वाढतो, तेवढा सोसायचा. डिझायर घेणार असाल तर मॅन्युअल. तिच्या एएमटीला (मॅन्युअल गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) गिअर बदलताना क्षणभर थांबायची सवय आहे, आणि ऐन वळणावर तो क्षण नको वाटतो. घेतलीच, तर घाटात हाताने दुसऱ्यात ठेवून चालवा.

पैसे भरण्याआधी शोरूमवाल्यांना सांगा की टेस्ट ड्राइव्ह बाजारपेठेत नको, परशुराम घाटात हवी, आणि घरची सगळी माणसं गाडीत हवीत. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम बघा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये चालवा आणि मग इथे येऊन लिहा. तुमचा अनुभव माझ्या उलट आला, तरी तो मी लेखाखाली तुमच्या शब्दांत जोडेन.