संगणकाचे मौनव्रत

माझ्या संगणकाने आजवर मला नाना तऱ्हांनी छळले असले, तरी त्याने अबोला कधी धरला नव्हता. तेवढे एक राहिले होते, ते त्याने गेल्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाल्यावर पुरे केले.

अपडेटची रात्र तशी सुखरूप पार पडली. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, त्यांच्याखाली टक्केवारी आणि तिच्याखाली ‘संगणक बंद करू नका’ अशी ताकीद. २७ टक्क्यांवर आकडा असा काही थबकला, की मी दात घासून, अंथरूण घालून आणि दाराची कडी दोनदा तपासून आलो तरी तो २७च होता. मग एकदम ७४ झाला. सकाळी पाहतो तो फाइली, फोटो, अर्धवट लिहिलेले पत्र, सगळे जागच्या जागी होते. फक्त आवाज नव्हता. ऑनलाइन बैठकीत माणसे नुसतेच ओठ हलवत होती, म्हणून मी अधूनमधून समंजसपणे मान डोलावत राहिलो. त्यातल्या एका डोलावण्याने मी तिमाही अहवाल लिहिण्याचे काम अंगावर घेतले, हे मला दुपारी ईमेलवरून कळले.

पहिला उपाय अर्थातच बंद करून चालू करण्याचा. तो मी तीनदा केला आणि मग वाचनात आले, की हल्लीचे बरेच संगणक ‘शट डाउन’ म्हटल्यावर पुरते बंद होतच नाहीत. पुढच्या वेळी चटकन उठता यावे म्हणून सिस्टीमचा गाभा आपली त्या क्षणीची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि चालू करताच तीच वाचून कामाला लागतो. पाटी खरी कोरी होते ती ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर. म्हणजे मी ज्याला बंद करणे समजत होतो, ते नुसते डोळे मिटून पडणे होते, आणि जो रुसवा घेऊन तो झोपे, तोच घेऊन उठे. मी रीस्टार्ट केले. पाटी कोरी झाली, रुसवा तसाच राहिला.

मग संशय ड्रायव्हरवर गेला. हा ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि साउंड कार्ड यांच्यातला दुभाषी. सिस्टीम बदलली की जुन्या दुभाष्याला तिची बोली कधीकधी कळेनाशी होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड कार्डापाशी पिवळे उद्गारचिन्ह दिसले तर दोष सापडला म्हणून समजावे, असे जाणकार सांगतात. माझ्याकडे तिथे ‘हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे’ असे प्रमाणपत्र लावलेले होते. जुन्या ड्रायव्हरकडे परत नेणारे बटण होते, पण करडे पडलेले. शेवटी नवा ड्रायव्हर हाताने बसवायला घेतला, तर शून्य-एक्स-आठ-शून्य-शून्य-सात-शून्य-शून्य-शून्य-पाच असा त्रुटीचा कोड आला. त्याचा अर्थ शोधला, तो निघाला ‘परवानगी नाकारली’. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच यंत्राने! यावर उपाय म्हणजे तीच फाइल ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या नात्याने चालवायची. तेव्हा मी माझ्याकडेच रीतसर परवानगी मागितली आणि ‘होय’ दाबून ती उदारपणे मंजूरही केली. ड्रायव्हर बसला. आवाज नाही तो नाहीच.

मधल्या काळात जिथे जिथे आवाजाची पट्टी दिसली, ती मी शेवटपर्यंत ओढून ठेवली होती: पडद्याच्या कोपऱ्यातली, मिक्सरमधली, व्हिडिओ प्लेअरची आणि खुद्द स्पीकरची फिरती कळसुद्धा.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास आवाजाच्या चिन्हाशेजारचा एक चिमुकला बाण मी प्रथमच दाबला आणि तिथे आवाज कुठे पाठवला जात आहे त्याची यादी उघडली. खूण होती ती मॉनिटरच्या नावापुढे. मॉनिटरला जोडणारी एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही वाहून नेते. अपडेटबरोबर ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आला होता, आणि त्या धांदलीत सिस्टीमने मॉनिटरलाच स्पीकर ठरवून टाकले होते. माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. तीन दिवस संगणक इमानेइतबारे बोलत होता, पण ज्याला तोंडच नाही अशाच्या मार्फत.

मी थरथरत्या हाताने यादीतला ‘स्पीकर’ निवडला. मागच्या खिडकीत ‘संगणकाचा आवाज कसा दुरुस्त करावा’ हा व्हिडिओ चालू आहे, ज्याचे मर्म मी तीन दिवस केवळ हातवाऱ्यांवरून जाणून घेत होतो, हे त्या आनंदात माझ्या ध्यानातून गेले. चारही ठिकाणी शिगेला पोहोचवलेल्या आवाजात तो गृहस्थ गरजला, “सर्वप्रथम आवाज पूर्ण वाढवलेला आहे ना, याची खात्री करून घ्या!”

आतल्या खोलीत दिवा लागला.

“झाली हो खात्री,” बायको म्हणाली.